नाण्याएवढी फट

ट्रूडी कुचेराचे तीन हिवाळे दोन दारांत गेले. खरं तर एकाच दारात, कारण डावं दार गरीब निघालं, मुकाट बसलं. उजव्यानं मात्र तिचा जीव खाल्ला.

गाडी छत्तीस सालची फोर्ड कूप. एका शेतात ओढ्याकाठी पडलेली, आत कोंबड्यांचं राज्य. ट्रूडीनं कोंबड्यांना हाकललं, गाडी ट्रेलरवर घालून घरी आणली, छत कापून चार इंच खाली बसवलं, त्यामुळे खिडक्या झाल्या टपालपेटीच्या तोंडाएवढ्या, आणि मग तिनं दारांना हात घातला. दाराच्या मुठी कापून टाकल्या, भोकं पत्र्यानं बुजवली आणि घासून घासून असं केलं की बोट फिरवलं तरी मूठ कुठे होती ते कळू नये. बिजागऱ्या पुढून काढून मागे नेल्या, म्हणजे दार उलटं उघडणार. गॅरेजवाले त्याला आत्मघातकी दार म्हणतात, आणि का म्हणतात ते भर वेगात कडी सुटली की लगेच कळतं. उघडायचं तर बाहेर पायरीखाली एक चोरबटण, आत गुडघ्याजवळ एक. दाबलं की टक्, आणि दार बोटभर पुढे येतं, जसं काही तुमचीच वाट बघत होतं.

आतलं काम तर विचारूच नका. दाराच्या आतल्या फळीचा पुठ्ठ्याचा साचा सात वेळा कापला. मग त्यावरून प्लायवूड, त्यावर फोम, फोमवर रेक्झिन, आणि रेक्झिनला बोटाएवढ्या उभ्या फुगीर पट्ट्या शिवलेल्या, एकसारख्या, एकही वाकडी नाही. हे रेक्झिन कुठलं? गावातल्या कॅथलिक चर्चनं गुडघे टेकायच्या जुन्या गाद्या काढून टाकल्या होत्या, त्यांचं. वाळलेल्या रक्तासारखा लाल रंग, अस्सल माल. पाद्रीबुवांनी विचारलं, "कशाला हवंय?"

"दारांना."

"कुणाच्या दारांना?"

"गाडीच्या."

पाद्रीबुवा म्हणाले, "घेऊन जा, पण मागच्या सीटला लावू नकोस." ट्रूडी म्हणाली, मागची सीटच नाहीये. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

आता एवढं सगळं कशासाठी, तर एका पाटीसाठी. गावात 'धूळखाऊ' नावाचा हॉट रॉडवाल्यांचा, म्हणजे जुन्या गाड्या कापून-जोडून नव्यानं बांधणाऱ्यांचा, क्लब आहे. सात मेंबर. ज्याची गाडी पास झाली त्याला हे लोक अ‍ॅल्युमिनियमची ओतीव पाटी देतात, खाली बांधणाऱ्याचं नाव, आणि ती पाटी मागच्या काचेत लटकते. ट्रूडीला ती हवी होती आणि का हवी होती ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. गावाचं म्हणणं, गाडी कर्बीनं बांधली. कर्बी म्हणजे तिचा आधीचा बॉयफ्रेंड. दोन हिवाळे हा माणूस गॅरेजमधल्या सोफ्यावर लोळून चिप्स खायचा आणि एकदा, फक्त एकदा, त्यानं स्वतः उठून ग्राइंडरचा प्लग लावला होता. मग तो एका दंतवैद्याच्या रिसेप्शनिस्टबरोबर ओमाहाला पळाला, तेव्हा किराणा दुकानातली बाई ट्रूडीला म्हणाली, "अरेरे, आता ती गाडी पुरी कोण करणार?" ट्रूडी रोज आठ तास कारखान्यात शेताला पाणी देणाऱ्या यंत्रांचे पाईप वेल्ड करते. त्या बाईच्या नवऱ्याच्या शेतातलं यंत्रसुद्धा तिनंच जोडलेलं. पण नाही. गाडी कर्बीची.

क्लबचा नियम असा की उमेदवाराला तीन संधी. तीनदा नाही म्हटलं की विषय कायमचा संपला. आणि सातही हात वर हवेत, सहा चालत नाहीत. पहिल्या वर्षी मर्ल ओल्सननं हात वर केला नाही. मर्ल म्हणजे शाळेची बस चालवून रिटायर झालेला, आता काडीसारखा, पण तेव्हा चांगला गुबगुबीत माणूस, चेहरा मात्र कायम लिंबू चोखल्यासारखा. तो म्हणाला, "एवढी सरळ शिवण हिची नसणार." दुसऱ्या वर्षी गाडीत सीट नव्हती, ती रंगाच्या डब्यावर बसून आली होती, तेव्हा ते बरोबरच होतं, ट्रूडीचंही काही म्हणणं नव्हतं. हे तिसरं वर्ष.

परीक्षेची रीत ठरलेली. आधी प्रत्येक मेंबर पाच सेंटचं नाणं उभं धरून दाराच्या फटीतून चहूबाजूंनी फिरवतो. नाणं अडकलं तर नापास, आत पडलं तर नापास. मग क्लबचा अध्यक्ष शेजारच्या सीटवर बसतो, गाडी तीस मैल डॉटीच्या हॉटेलात जाते, आणि तिथे अध्यक्षानं आपल्या हातानं दार उघडून, कुणाची मदत न घेता उतरायचं. आणि मेंबर जमलेले असले की उमेदवारानं तोंड उघडायचं नाही. गाडी बोलेल, तू नाही.

अध्यक्ष लॉइड. लॉइड ट्रॅक्टरचे टायर विकतो आणि स्वतःही साधारण त्याच मापाचा आहे.

आता इथे ट्रूडीची हुशारी बघा. दाराची फट कधी रिकाम्या गाडीवर बसवायची नसते, हे नवशिक्यांना कळत नाही. त्यांची गाडी घोडीवर चढवलेली असते, ते छान फट बसवतात, मग इंजिन ठेवतात, माणूस बसतो, बॉडी किंचित दबते, आणि दार जातं बोंबलत. ट्रूडीनं इंजिन बसवलं, काचा बसवल्या, गाडी चाकांवर उभी केली, आपल्या सीटवर मक्याच्या बियाण्याची तीन पोती ठेवली, पन्नास-पन्नास पौंडांची, म्हणजे ती स्वतः. आणि उजव्या सीटसाठी तिनं सरळ लॉइडला फोन लावला.

"लॉइड, तुमचं वजन किती?"

पलीकडे खुर्ची करकरली. मग लॉइड म्हणाला, "दोनशे चाळीस."

"नक्की?"

"कोबीचं सूप, पोरी. तुला काय सांगू."

हे कोबीचं सूप सगळ्यांनाच ठाऊक होतं. फेब्रुवारीत लॉइडनं क्लबच्या जेवणात उभं राहून जाहीर केलं होतं की आपण सकाळ-संध्याकाळ कोबीचं सूप पिऊन नव्वद पौंड उतरवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिसत तर काही नव्हतं, पण लॉइड कायम ढगळ ओव्हरऑल घालतो, त्यात काय आहे आणि काय नाही ते त्याची बायकोही सांगू शकत नाही. आणि मर्लनं ते इतकं मनावर घेतलं की दुसऱ्या दिवसापासून त्यानंही कोबीचं सूप सुरू केलं. मर्ल खरंच वाळला. त्याच्या शेजारी बसायला कुणी धजेना, ती वेगळी गोष्ट.

तर ट्रूडीनं उजव्या सीटवर पाच पोती ठेवली. अडीचशे पौंड. वरचे दहा डॉटीच्या हॉटेलातल्या पाईसाठी धरले. आणि त्यावर ती फट बसवली, वेल्डिंगचा थेंब चढवून, घासून, पुन्हा चढवून, पुन्हा घासून, दीड महिना. नाणं लोण्यातून फिरावं तसं फिरायचं.

जुलैतला रविवार, सकाळचे नऊ, चर्चच्या मागचं पार्किंग. सातही जण जमले. नाणी फिरली. मर्लनं तर गुडघे टेकून फिरवलं, खालच्या कडेला गाल लावून, एका डोळ्यानं. उठला, गुडघे झाडले आणि म्हणाला, "हं." मर्लच्या तोंडून 'हं' म्हणजे दुसऱ्या कुणी मिठी मारल्यासारखं. ट्रूडीनं तोंड मिटून ठेवलं होतं, पण कान लाल झाले होते.

मग लॉइड बसला. गाडी म्हणाली कुंऽऽ. ट्रूडीनं पायानं जमीन धरून ठेवली, काय करणार. लॉइडनं दार ओढलं, आणि दार लागलं, पण लागता लागता वरच्या कोपऱ्यात अगदी बारीक खर्रर्र झालं. दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नाही. ट्रूडीला ते दातांत ऐकू आलं.

वाटेत लॉइड खुशीत. दाराच्या पट्ट्यांवरून हात फिरवतोय, काचा खालीवर करायच्या, पितळी गोळ्यांच्या दांड्या बघतोय. त्या गोळ्या म्हणजे पाणी शिंपायच्या यंत्राची नाकाडं होती, कारखान्यातून टाकून दिलेली, ट्रूडीनं पॉलिश करून बसवलेली. "कर्बीला एवढं डोकं नव्हतं," लॉइड म्हणाला.

"हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"मी आधीपासून म्हणतोय. मनात."

मग आला खडीचा रस्ता, आणि खडीच्या रस्त्यानंतर रेल्वेचं फाटक. रूळ ओलांडताना गाडी उडाली, बसली, आणि उजवीकडून आवाज आला, कट्. लॉइडनं सकाळपासून चार कप कॉफी घेतली होती. रूळ त्याच्या नेमके तिथे लागले.

"ट्रूडे, जरा थांबव. मक्यात जाऊन येतो."

तिनं गाडी कडेला घेतली. लॉइडनं बटण दाबलं. टक्. दार जागचं हललं नाही. पुन्हा दाबलं. टक्. खांदा लावला. काही नाही. ट्रूडी उतरून पलीकडे गेली, वाकून बघितलं. दाराची वरची कड पुढच्या खांबात रुतून बसली होती. नाणं सोडा, कागदही गेला नसता.

ती खिडकीच्या फटीशी आली. आत लॉइडचे फक्त डोळे दिसत होते.

"लॉइड," ती म्हणाली, "तुमचं वजन किती?"

"सांगितलं की. दोनशे चाळीस."

"मी अडीचशेवर बसवलंय. हे दार दबलंय. हे अडीचशेनं दबत नाही."

"मग बेचाळीस धर. बूट आहेत."

"लॉइड."

"दोनशे सत्तर. सकाळी नाश्ता केला."

"दोनशे सत्तरला ही फट दिसते. दोनशे नव्वदला बारीक होते. मी वर थोडं थोडं बियाणं टाकून बघितलंय."

लॉइडनं समोर बघितलं. मग दाराच्या लाल रेक्झिनकडे बघितलं. "हे चर्चमधल्या गाद्यांचंच ना?"

"हो."

"गावानं यावर गुडघे टेकून काय काय कबूल केलं असेल."

"याहून वाईट, नक्कीच."

"तीनशे एकतीस," लॉइड म्हणाला. "गुरुवारी. धान्याच्या गोदामातल्या ट्रकच्या काट्यावर चढलो होतो, रात्रपाळीचा माणूस नव्हता तेव्हा."

"आणि सूप?"

"सूप प्यायलो की. चार दिवस. मग डॉटीनं चेरी पाई केली होती." त्यानं ओव्हरऑलचा पट्टा ओढला. "माझं आधीही तीनशे तीसच होतं, पोरी. एकही पौंड उतरला नाही. आणि तिकडे मर्ल पाच महिने कोबी खातोय. त्याला कळलं तर तो मला बसखाली घालेल. त्याच्याकडे अजून किल्ली आहे."

गाडीत जॅक नव्हता. दाराच्या उंबऱ्याखाली जॅक लावून गाडी दोन इंच उचलली असती तर दार आपोआप मोकळं झालं असतं, पण जॅक राहिला घरी, डिकीत क्लबला दाखवायला शिवलेलं अस्तर सुरकुतू नये म्हणून. खिडकीतून तर लॉइडचा हातही कोपरापर्यंतच बाहेर यायचा. पलीकडच्या दारानं यायचं, तर मध्ये गियरचा दांडा आणि स्टिअरिंग, आणि लॉइडचं पोट त्या दोघांशी आधीच बोलणी करत होतं.

"ऐक," लॉइड म्हणाला. "तिथे पोचलं की मी म्हणतो बटण बिघडलं. छोटी गोष्ट आहे."

"बटण बिघडलं म्हणजे मी नापास. तिसऱ्यांदा."

"मी नियम बदलून घेतो. पुढच्या वर्षी चौथी संधी."

"कुणाच्या मतानं? मर्लच्या?"

ट्रूडी येऊन बसली, गाडी सुरू केली. उरले होते अकरा मैल. खड्डा आला की लॉइड फक्त "हळू, हळू" एवढंच म्हणायचा.

डॉटीच्या हॉटेलासमोर सहा जण आधीच पोचले होते. डॉटी दारात, हाताला पीठ. ट्रूडी उतरली, गाडीच्या नाकाशी उभी राहिली, हाताची घडी, ओठ घट्ट. लॉइड आत. एक मिनिट गेलं. मर्ल पुढे आला.

"उतर की."

टक्, गाडी म्हणाली. टक्. टक्.

मर्ल वाकला, वरच्या कडेकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की त्याला दुःख म्हणावं की समाधान ते कळेना. "सकाळी नाणं फिरत होतं. वीस-तीस मैलांत दार बसलं. म्हणजे बॉडी कच्ची. आत टेकू नीट दिलेले नाहीत." तो बाकीच्यांकडे वळला. "मी म्हटलं होतं. वरवरची शिवण सुंदर, आतलं काम सोफ्यावर बसून केलेलं."

सोफ्यावर. ट्रूडीची नखं तळहातात गेली. बॉडीला आतून तिनं चार आडवे टेकू दिले होते, उताणी पडून, ठिणग्या गळ्यात घेऊन. अजून डाग आहेत. पण तोंड उघडलं तर तिथेच खलास. आणि उघडून सांगणार काय, की तुमचा अध्यक्ष खोटारडा आणि जाडा आहे? कोण ऐकेल? तिनं लॉइडकडे बघितलं. लॉइडनं छताकडे बघितलं. छतही त्यानंच शिवल्यासारखं बघितलं, इतकं लक्ष देऊन.

"लॉइड, काय झालं?" डॉटीनं विचारलं.

"काही नाही. बटण," लॉइड म्हणाला, आणि 'बिघडलं' म्हणायच्या आत त्यानं मांड्या आवळून घेतल्या.

"बाथरूमला जायचंय का तुला? रंग बघ तुझा."

"आता त्याचं नाव काढू नकोस, डॉटी."

"बाहेर तर काढायला हवा," मर्ल म्हणाला आणि आपल्या ट्रककडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात पहार होती. लांब, गंजकी, कुंपणाचे खांब उपटायची. त्यानं तिचं चपटं टोक दाराच्या वरच्या कडेवर, जिथे रंग आरशासारखा होता, तिथे टेकवलं आणि पाय रोवला.

ट्रूडीनं डोळे मिटले.

आता हॉट रॉडवाला माणूस काय काय सहन करू शकतो याची एक यादी असते. बायको सोडून गेली, चालेल. घर गहाण पडलं, चालेल. पण दीड महिना घासलेल्या फटीवर पहार, हे त्या यादीत कुठेच नाही. लॉइडही शेवटी त्यातलाच होता.

"मर्ल, पहार खाली ठेव," लॉइड आतून म्हणाला.

"एक झटका, सुटेल."

"खाली ठेव म्हणतो ना, लेका. दार दबलंय ते माझ्यामुळे. पोरीनं विचारलं वजन किती, मी सांगितलं दोनशे चाळीस. तिनं अडीचशेवर बसवलं, माझ्यावर विश्वास ठेवून. मी तीनशे एकतीस आहे."

समोरच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तोही हळू झाल्यासारखा वाटला.

मर्लनं पहार हातातच ठेवली, पण टोक खाली आलं. "तीनशे एकतीस," तो म्हणाला. "म्हणजे पुन्हा वाढलं."

"पुन्हा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे उतरलंच नव्हतं, मर्ल."

हे मर्लच्या डोक्यात उतरायला वेळ लागला. पाच महिने, दिवसाला दोन वाट्या, बरोबर तीनशे वाट्या. बायको वेगळ्या खोलीत झोपायला गेली होती. नातवंडं फोनवरच बोलायची. ते सगळं त्याच्या चेहऱ्यावरून एकेक करून गेलं. लोकांना वाटलं, आता तो पहार लॉइडवर वापरणार, आणि दोघेजण तर खरंच एक पाऊल पुढे आले.

मर्लनं पहार ट्रकमध्ये टाकली, जॅक घेऊन आला, गुडघे टेकून उंबऱ्याखाली लावला. खाली लावता लावता त्यानं आत बॅटरी मारून बघितलं. बराच वेळ बघितलं. आडवे टेकू बघितले, एकेकाला बोटानं ठोकलं. मग दांडा दोनदा दाबला.

"बटण," तो म्हणाला.

टक्. दार बोटभर पुढे आलं, शांतपणे, जसं काही झालंच नव्हतं. लॉइड उतरला आणि कुणाकडे न बघता डॉटीच्या हॉटेलात सरळ मागच्या बाजूला गेला. त्याच्या वयाच्या आणि मापाच्या माणसाला एवढं भरभर जाता येतं हे कुणाला माहीत नव्हतं.

मर्लनं जॅक काढला. खिशातून नाणं काढलं, वरच्या कडेला फिरवलं. नाणं फिरलं.

"डॉटी," तो म्हणाला, "चेरी पाई. दोन तुकडे. वर आइस्क्रीम."

डॉटीनं ताटली आणून दिली. मर्ल ती घेऊन गाडीत बसला, उजव्या सीटवर, दार लावलं. गाडी अजिबात कुरकुरली नाही. बटण दाबलं, टक्, उघडलं. लावलं. एक घास खाल्ला. टक्. लावलं. दुसरा घास. असं चाललं होतं, बाकीचे पाच आणि ट्रूडी उन्हात उभे, आणि मर्ल डोळे मिटून चावतोय. बाथरूममधून लॉइड परत आला, हात ओव्हरऑलला पुसत, जरा लांबच थांबला.

"मर्ल," तो म्हणाला, "मला माफ कर."

"तुझ्याशी मी डिसेंबरपर्यंत बोलणार नाही," मर्ल म्हणाला. "मतदान घे."

लॉइडनं हात वर केला. मग बाकीच्या पाचांनी. मर्लनं शेवटचा घास चमच्यात घेतला, तो चमच्यासकट हात खिडकीच्या फटीतून बाहेर काढून वर केला, आणि लाल घट्ट रस दाराच्या नव्याकोऱ्या रंगावरून हळूहळू खाली ओघळायला लागला.

सात झाले. आता बोलायला मोकळीक होती.

"मर्ल," ट्रूडी म्हणाली, "उतरा गाडीतून."